पत्रिकेतला हर्षल आणि बागेतला हर्शेल

घरात कुणाची पत्रिका असेल तर एकदा उघडून बघा. रवी, चंद्र, मंगळ, बुध ही नेहमीची मंडळी असतातच. पण नव्या पद्धतीच्या पत्रिकेत आणखी तीन पाहुणे दिसतात: हर्षल, नेपच्यून आणि प्लूटो. यातला हर्षल म्हणजे आपण शाळेत शिकलो तो युरेनस. माझ्या वर्गात दोन हर्षल आहेत. त्यांचं नाव 'हर्ष' या संस्कृत शब्दावरून आलंय. पत्रिकेतला हर्षल मात्र एका माणसाचं आडनाव आहे. तो माणूस जर्मनीत जन्मला, इंग्लंडमध्ये राहिला, पोटापाण्यासाठी ऑर्गन वाजवायचा आणि त्याच्याकडे कुठल्याही विद्यापीठाची डिग्री नव्हती.

हे मला गेल्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. एका मैत्रिणीच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आम्ही सात-आठ जण आकाश बघायला जमलो होतो. सतरंजी, थर्मासमधला चहा, चिवडा असा सगळा थाट. दोन दुर्बिणी होत्या. एक मी ऑनलाइन मागवलेली, चकचकीत, खोक्यावर ५०० पटीपेक्षा जास्त मोठं दिसतं असं छापलेलं. दुसरी मैत्रिणीच्या मामांची. त्यांनी तिचा आरसा स्वतःच्या हाताने घासून बनवलेला, नळी पीव्हीसीच्या पाइपची, स्टँड प्लायवूडचा. आधी सगळे माझ्या दुर्बिणीकडे धावले. गुरू ग्रह दिसला, पण पाण्यात पडलेल्या बल्बसारखा. पॉवर वाढवली तर तोही विरघळला. मग मामांच्या दुर्बिणीला डोळा लावला. गुरू लहान दिसत होता, पण काठ कोरल्यासारखा, अंगावर दोन पट्टे, बाजूला ओळीत चार चंद्र. माझी पार निघाली. मामा हसले आणि म्हणाले की याच मुद्द्यावरून एका माणसाची इंग्लंडमध्ये परीक्षा झाली होती, त्याचं आयुष्य वाचून काढ. वाचलं. त्याचीच ही गोष्ट.

बँडवाल्याचा मुलगा

विल्यम हर्शेलचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये झाला. वडील आयझॅक सैन्याच्या बँडमध्ये ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवत. पगार बेताचा, खाणारी तोंडं बरीच. पण घरात संगीत आणि गप्पा भरपूर. वडिलांना आकाशाची आवड होती आणि ती त्यांनी मुलांनाही लावली. विल्यम चौदाव्या वर्षीच बापाच्या बँडमध्ये भरती झाला.

मग युद्ध आलं. १७५७ मध्ये हास्टेनबेकच्या लढाईत फ्रेंचांनी हॅनोव्हरच्या बाजूचा पराभव केला. त्या धामधुमीनंतर विल्यम आणि त्याचा भाऊ याकोब यांनी इंग्लंड गाठलं. विल्यम तेव्हा १९ वर्षांचा होता, म्हणजे आपल्या एसवाय-टीवायच्या पोरांएवढा. परका देश, खिसा रिकामा. सुरुवातीला त्याने लंडनमध्ये संगीताच्या वह्या हाताने उतरवून द्यायचं काम केलं. मग उत्तर इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं फिरत राहिला. बँड शिकव, कार्यक्रम कर, धुनी रच. त्याने २४ सिंफनी रचल्या. १७६६ मध्ये त्याला बाथ या गावात ऑक्टगन चॅपलचा ऑर्गनवादक म्हणून नोकरी लागली. बाथ हे श्रीमंतांचं हवा पालटायला यायचं गाव. तिथे संगीताला मागणी होती. हर्शेल आठवड्याला पस्तीसेक शिकवण्या घ्यायचा. थोडक्यात, माणूस सेटल झाला होता.

कॅरोलाईन येते

१७७२ मध्ये तो हॅनोव्हरला गेला आणि बहिणीला घेऊन आला. ही कॅरोलाईन, त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. दहाव्या वर्षी तिला टायफस झाला आणि तिची वाढच खुंटली. उंची जेमतेम सव्वाचार फूट राहिली. आईने ठरवून टाकलं होतं की हिचं लग्न होणार नाही, हिने घरातच राबायचं. शिक्षणाचा तर विषयच नाही. विल्यमने आईला मोलकरीण ठेवायला पैसे देण्याचं कबूल केलं, तेव्हा कुठे बहीण सुटली. बाथमध्ये ती गाणं शिकली आणि हॅण्डेलच्या रचना भर सभागृहात गाऊ लागली. तिचं स्वतःचं करिअर उभं राहत होतं. पण भावाच्या डोक्यात तोवर वेगळंच काहीतरी शिरलं होतं.

संगीताच्या गणितावरचं एक पुस्तक वाचता वाचता तो त्याच लेखकाच्या प्रकाशशास्त्राच्या पुस्तकाकडे वळला. तिथून दुर्बिणींकडे. १७७३ मध्ये त्याने खगोलशास्त्राचं पुस्तक विकत घेतलं आणि एक छोटी दुर्बीण भाड्याने आणली. समाधान होईना. मोठा आरसा विकत घ्यावा तर परवडेना. मग बाथमध्येच आरसे घासण्याचा नाद सोडलेल्या एकाकडून त्याने सगळी हत्यारं घेतली आणि स्वतःच सुरुवात केली.

तेव्हाचे आरसे काचेचे नसत. तांबं आणि कथील वितळवून धातूची थाळी ओतायची, मग ती घासून घासून इतकी गुळगुळीत आणि नेमकी खोलगट करायची की लांबून आलेला सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा व्हावा. आकारात केसाच्या जाडीच्या कितीतरी लहान अंशाचा फरक पडला तरी चित्र फिस्कटतं. शेवटच्या पॉलिशला तर मध्ये थांबायची सोय नाही. एकदा हर्शेलने सोळा तास आरशावरून हात उचलला नाही. कॅरोलाईन त्याला घास भरवत होती आणि कंटाळा येऊ नये म्हणून अरबी सुरस कथा वाचून दाखवत होती.

घराची पार वर्कशॉप झाली. साचा बनवायला घोड्याची लीद लागायची. ती कुटून चाळायचं काम कॅरोलाईनकडे. १७८१ च्या ऑगस्टमध्ये एक मोठा आरसा ओतताना वितळलेला धातू फुटून बाहेर आला. तळघरातल्या दगडी फरशीचे तुकडे उडाले आणि सगळे जीव घेऊन पळाले. बरं, हे सगळं दिवसाच्या शिकवण्या आणि संध्याकाळचे कार्यक्रम सांभाळून.

रस्त्यावरची दुर्बीण

१७७९ च्या डिसेंबरमध्ये एका रात्री चंद्र घरासमोर आला होता, म्हणून हर्शेलने सात फुटी दुर्बीण थेट रस्त्यावर मांडली. एक गृहस्थ जाता जाता थांबले. मी पण बघू का, असं त्यांनी विचारलं. बघितलं आणि चकित झाले. ते होते डॉक्टर विल्यम वॉटसन, लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य. त्यांच्या ओळखीने हर्शेल बाथच्या अभ्यासमंडळात आला आणि त्याचे लेख रॉयल सोसायटीपर्यंत पोहोचू लागले. तोवर त्याचं म्हणणं ऐकायला घराबाहेर कुणीच नव्हतं.

मग ती रात्र आली. १३ मार्च १७८१, वेळ दहा ते अकराच्या मध्ये, जागा बाथमधल्या न्यू किंग स्ट्रीटवरच्या १९ नंबरच्या घरामागची बाग. सव्वासहा इंची आरशाची सात फुटी दुर्बीण. हर्शेल जोडताऱ्यांच्या शोधात एकेक तारा तपासत होता. वृषभ आणि मिथुन यांच्या सीमेजवळचा एक ठिपका त्याला इतरांपेक्षा जाडसर वाटला.

इथे त्याचं डोकं कसं चाललं ते बघण्यासारखं आहे. तेव्हा दुर्बिणीत २२७ पटीचं भिंग होतं. त्याने ते काढून ४६० चं लावलं, मग ९३२ चं. तारे इतके लांब असतात की पॉवर वाढवली तरी ते ठिपकेच राहतात. हा ठिपका मात्र पॉवरबरोबर वाढत गेला. म्हणजे हा तारा नव्हे! चार दिवसांनी बघितलं तर तो जागचा हललेलाही होता. हर्शेलला वाटलं धूमकेतू. त्याने तसंच कळवलं. पण शेपूट नाही आणि धूसरपणाही नाही. युरोपातल्या गणितज्ञांनी कक्षा मांडली तेव्हा ती जवळजवळ गोल निघाली, शनीच्या साधारण दुप्पट अंतरावर. म्हणजे हा ग्रह होता. आदिमानवापासून माणसाला साध्या डोळ्यांनी पाचच ग्रह माहीत होते. दुर्बिणीने सापडलेला हा पहिला ग्रह. एका संगीत शिक्षकाने मागच्या बागेत बसून सूर्यमालेचा पसारा दुप्पट केला होता.

गंमत म्हणजे हा ग्रह आधी बऱ्याच जणांनी पाहिला होता. इंग्लंडचा पहिला राजखगोलतज्ज्ञ फ्लॅमस्टीडने १६९० मध्ये तो वृषभेतला एक तारा म्हणून नोंदवूनही टाकला होता. दिसला सगळ्यांना, पण वेगळा आहे हे ओळखलं एकानेच. कारण ओळखू येईल इतकी स्वच्छ दुर्बीण त्या एकाकडेच होती.

ग्रीनिचची परीक्षा

पण हे तेव्हा मान्य कोण करणार? लंडनच्या जाणकारांना हा बाथवाला जरा फेकू वाटत होता. हर्शेलने लिहिलेलं की आपण काही हजार पटीची भिंगं वापरतो. नावाजलेल्या वेधशाळा काहीशे पटींवर काम करत होत्या आणि हा घरगुती आरसेवाला हजारांच्या गोष्टी करतो! ग्रह सापडला तो योगायोग, बाकी सगळ्या बाता, अशी शंका अनेकांच्या मनात होती. रॉयल सोसायटीने १७८१ मध्येच त्याला कोपली पदक दिलं, सदस्य करून घेतलं. तरी शंका होतीच.

१७८२ च्या मे महिन्यात हर्शेल आपली सात फुटी दुर्बीण घेऊन लंडनला निघाला. विचार करा, काय काय पणाला लागलं होतं. वय ४३. बाथमध्ये शिकवण्या खोळंबलेल्या. राजा तिसरा जॉर्ज नोकरी देईल अशी आशा, पण खात्री नाही. आणि दुर्बीण खोटी ठरली तर ग्रहाचं श्रेय सोडून बाकी सगळ्या निरीक्षणांवर पाणी.

राजाची भेट झाली आणि दुर्बीण ग्रीनिचच्या वेधशाळेत गेली. तिथले राजखगोलतज्ज्ञ होते नेव्हिल मॅस्केलीन. त्यांच्याकडे जेम्स शॉर्ट या त्या काळच्या सगळ्यात नावाजलेल्या कारागिराची दुर्बीण होती. दोन्ही दुर्बिणी एकाच आकाशाकडे लावल्या. तोच तारा आधी हिच्यातून, मग तिच्यातून. अलेक्झांडर ऑबर्ट या हौशी पण श्रीमंत खगोलप्रेमीच्या उत्तम दुर्बिणींशीही सामना झाला. निकाल स्वच्छ लागला. जे जोडतारे त्या भारी दुर्बिणींना वेगळे करता येत नव्हते, ते हर्शेलच्या दुर्बिणीत सरळ दोन दिसत होते.

मॅस्केलीन दिलदार माणूस. त्यांना हर्शेलचा स्टँड इतका आवडला की तसाच आपल्या दुर्बिणीसाठी बनवून घ्यायचं त्यांनी ठरवलं. मग आपली दुर्बीण नव्या स्टँडच्या लायकीची तरी आहे का, असाच प्रश्न त्यांना पडला! हे सगळं हर्शेलने लगेच बहिणीला पत्राने कळवलं. ज्या बाईने लीद चाळली आणि घास भरवले, तिला निकाल आधी कळायला हवा होता.

जुलैमध्ये विंडसरला राजकुटुंबाला आकाश दाखवायचं ठरलं आणि नेमकं त्या संध्याकाळी आभाळ भरून आलं. हर्शेलने आधीच जुगाड करून ठेवला होता. पुठ्ठ्याचा शनी कापून, त्यामागे दिवे लावून, तो दूर बागेत टांगला. राजकन्यांनी दुर्बिणीतून तो पुठ्ठ्याचा शनी बघितला आणि खूश झाल्या.

बागेतला राक्षस

राजाने वर्षाला २०० पौंड पगार दिला. संगीतात तो याच्या दुप्पट कमवत होता. तरीही त्याने ऑर्गन बंद केला. नव्या ग्रहाला त्याने राजाचं नाव दिलं, पण ते इंग्लंडबाहेर कुणाला रुचलं नाही. फ्रेंच लोक ग्रहाला हर्शेल म्हणू लागले, जर्मनीच्या बोडेने युरेनस सुचवलं. शेवटी युरेनस टिकलं. पण ते जुनं नाव इतका लांबचा प्रवास करून आपल्या पत्रिकेत येऊन बसलं, ते अजून तिथेच आहे.

पगार कमी पडत होता म्हणून भाऊ-बहिणीने दुर्बिणी विकायचा व्यवसाय केला. हर्शेलच्या हातून चारशेहून जास्त आरसे तयार झाले. रात्री मात्र स्वतःच्या. वीस फुटी दुर्बिणीच्या उंच माचीवर तो थंडीत उभा राहून दिसेल ते ओरडून सांगायचा, कॅरोलाईन टेबलाशी बसून वेळ आणि जागा लिहून घ्यायची. १७८३ च्या शेवटच्या रात्री वितळत्या बर्फावर ती घसरली आणि दुर्बिणीच्या यंत्रणेतला लोखंडी हुक तिच्या मांडीत घुसला. तरी काम थांबलं नाही. अशा रात्रींतून तेजोमेघ आणि तारकागुच्छांची २५०० नोंदींची यादी उभी राहिली.

त्यानंतर आली चाळीस फुटी दुर्बीण. स्लाव गावातल्या घराच्या अंगणात. आरसा चार फूट रुंद, वजन एक टनाच्या आसपास. राजाने ४००० पौंड दिले. आरसा बसण्याआधी पाहुणे त्या नळीतून चालत जायचे. १७८९ मध्ये ती पूर्ण झाली आणि त्याच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एन्सेलाडस आणि मिमास हे शनीचे उपग्रह तिच्यातून दिसले. जगातली ती सगळ्यात मोठी दुर्बीण होती आणि पुढची पन्नासेक वर्षं तशीच राहिली.

आता परत दोन दुर्बिणींची तुलना. एकाच अंगणात वीस फुटी आणि चाळीस फुटी. जिंकली कोण? वीस फुटी! चाळीस फुटीचा राक्षसी आरसा स्वतःच्याच वजनाने वाकायचा, दमट हवेत पटकन काळवंडायचा. ती आकाशाकडे वळवायला माणसं लागत, तयारीत वेळ जाई आणि इंग्लंडच्या ढगाळ हवेत तेवढ्यात उघडीप निघून जाई. लोक लांबून ती बघायला येत, हर्शेल मात्र काम वीस फुटीवर करायचा. ग्रीनिचमध्ये ज्या गोष्टीने त्याला जिंकवलं, तीच त्याच्या अंगणात त्याला नडली: आरसा नेमका हवा, नुसता मोठा असून भागत नाही.

आणखी एक छोटी दुर्बीण तिथेच होती, कॅरोलाईनची. १ ऑगस्ट १७८६ च्या रात्री भाऊ राजाची भेट म्हणून एक दुर्बीण पोचवायला जर्मनीला गेला होता. तिने आपल्या छोट्या दुर्बिणीतून धूमकेतू शोधला. असे आठ धूमकेतू तिच्या नावावर आहेत. १७८७ मध्ये राजाने तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला. विज्ञानाच्या कामासाठी पगार मिळवणारी ती इंग्लंडमधली पहिली स्त्री.

चुका आणि शेवट

हर्शेलला देव करायची गरज नाही. सूर्यावर वस्ती असेल असं तो मनापासून मानायचा. युरेनसचे सहा उपग्रह सापडल्याचं त्याने जाहीर केलं, त्यातले दोनच खरे निघाले. १७८८ मध्ये त्याने लग्न केलं तेव्हा सोळा वर्षं घर सांभाळणारी कॅरोलाईन वेगळ्या जागेत राहायला गेली. त्या काळातली डायरीची पानं तिने पुढे फाडून टाकली. तिला काय वाटलं ते त्या फाटलेल्या पानांबरोबर गेलं.

पण चुका सांगितल्या तर हेही सांगायला हवं. १८०० मध्ये त्याने सूर्यप्रकाश लोलकातून पाडून एकेका रंगात थर्मामीटर ठेवले, आणि लाल रंगाच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे पारा सगळ्यात वर चढला. यालाच आपण इन्फ्रारेड म्हणतो. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबता तेव्हा तेच वापरता. काही जोडतारे खरोखर एकमेकांभोवती फिरतात, हे १८०३ मध्ये त्यानेच दाखवलं.

२५ ऑगस्ट १८२२ रोजी स्लावमध्ये तो गेला. वय ८३ वर्षं आणि नऊ महिने. युरेनसला सूर्याभोवती एक फेरी मारायला ८४ वर्षं लागतात. कॅरोलाईन हॅनोव्हरला परतली, यादी नव्याने लावून भाच्याच्या, म्हणजे जॉन हर्शेलच्या हाती दिली, १८२८ मध्ये खगोल संस्थेचं सुवर्णपदक मिळवलं आणि १८४८ मध्ये ९७ व्या वर्षी वारली. बाथमधल्या न्यू किंग स्ट्रीटवरच्या त्या घरात आज त्यांचं संग्रहालय आहे. मागची बागही आहे.

त्या गच्चीवरच्या रात्रीनंतर मी माझ्या दुर्बिणीच्या खोक्यावरचा आकडा पुन्हा वाचला. ७० मिलिमीटरच्या भिंगाला फार तर १४० पट झेपते, हे आता मला कळतं. पॉवरचा आकडा कुणीही छापू शकतं. मामांनी पुढच्या रविवारपासून आरसा घासायला बोलावलंय. दोन काचा, कार्बोरंडमची पूड, पाणी आणि भरपूर वेळ लागतो म्हणाले.

१३ मार्च १७८१ ला युरेनस जिथे होता, तिथे तो १८६५ मध्ये परतला, मग १९४९ मध्ये. तिसरी फेरी २०३३ मध्ये पूर्ण होईल. तेव्हा आपण तिशीच्या आसपास असू, कुणी नोकरीत, कुणी परदेशात. तोवर माझा आरसा घासून झालेला असेल. वृषभ आणि मिथुन यांच्या मधला एक जाडसर ठिपका मला त्यातून बघायचाय, आणि पॉवर वाढवल्यावर तो वाढतो का ते तपासायचंय.